ज्याला साल आहे, तेच खाईन

त्या हिवाळ्यात मी फक्त साल असलेलंच खात होते. केळी, पपई, भुईमुगाच्या शेंगा, कधी उकडलेलं अंडं. जे मला माझ्या हाताने सोलता येईल तेवढंच पोटात जायचं, बाकी ताट आलं तसं परत. गावात ही बातमी व्हायला कितीसा वेळ लागतो? गिरणीवर दळण टाकता टाकता बायका बोलल्या, डेअरीवर दूध घालता घालता पुरुष बोलले, की अमक्यांच्या धाकट्या सुनेला परत झालं. काय झालं ते कोणी बोलत नाही. तोंडावर येडी म्हणवत नसलं की आमच्याकडे 'परत झालं' म्हणतात.

मला परत काहीही झालेलं नव्हतं. मला राग आला होता. माणसाला राग येतो, तसा आला होता. पण एकदा का तुमच्या नावावर डोक्याचा दवाखाना लागला की तुमचा राग तुमचा राहत नाही, तो आजाराचा होतो.

आधी जे झालं ते झालं होतं, ते मी नाकारत नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मला केळीच्या बागेत माणसं बोलताना ऐकू यायला लागली. मी एकटीच असायची आणि झाडांच्या पलीकडून माझं नाव घेऊन कुजबुज चालायची. झोप गेली. अंगात नुसती धावपळ. एका पहाटे मी अनवाणी तापीच्या रस्त्याला लागले, कारण मला तिकडून बोलावणं आलं होतं. सासूबाई गोठ्यात होत्या, त्यांनी पाहिलं आणि हातातलं शेण तसंच घेऊन त्या माझ्यामागे धावल्या. पुलाच्या अलीकडे त्यांनी मला गाठलं. मग एका भगताकडे लिंबू झालं, गळ्यात दोरा झाला, आणि शेवटी जीप करून लांबच्या मोठ्या दवाखान्यात. जीपमध्ये सगळी वाट त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. हे मी विसरलेले नाही, आणि पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हीही विसरू नका.

दवाखान्यात काही आठवडे काढून दिवाळीच्या आधी घरी आले, तर घर बदललेलं. काडेपेटी जागेवर नाही. विळी नाही. चुलीपाशी जायचं नाही, विहिरीकडे जायचं नाही, शेतात एकटीने जायचं नाही. कशाला हात लावला की सासूबाई म्हणायच्या, "तू बठ वं, मी करस ना." बस म्हणजे किती बसायचं? मी काय देवळातली मूर्ती आहे? लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तेही गावाने माझ्या डोक्यावरच घातलं होतं. आता हातातलं कामही गेलं. मी मोठ्याने बोलले की घरातलं कोणीतरी माझ्या नवऱ्याकडे बघून विचारायचं, "गोळी लिधी का तिनी?" मी हसले तरी तेच. मला नाही विचारायचे, त्याला विचारायचे, जणू मी बांधलेली म्हैस आहे आणि चारा टाकला का एवढंच पाहायचं आहे.

गोळ्यांचं म्हणाल तर सुरुवातीला मी घेत होते. पण त्यांनी जीभ जड व्हायची, हाताला कंप सुटायचा, भाकरी थापायला घेतली तर कडा फाटायची. मी सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. "चालस तेवढं," असं उत्तर मिळालं. मग एक दिवस मी ती पाकिटं सगळ्यांच्या देखत उकिरड्यावर नेऊन टाकली. लपून नाही, छपून नाही. त्याची मला आजही लाज वाटत नाही. सांगून कोणी ऐकत नसेल तर माणसाने काय आरती ओवाळायची?

त्यानंतर गंमत झाली. कोणी रागावलं नाही, कोणी नव्या गोळ्या पुढे केल्या नाहीत. मला वाटलं, चला, ऐकलं एकदाचं. आणि आणखी एक झालं. आमच्या घरात आधी पुरुष जेवतात, मग बायका. ही रीत माझ्या सासूच्या सासूपासूनची. पण माझं ताट पुरुषांच्याही आधी वाढलं जाऊ लागलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वाटीत तिखटजाळ वरण, वरून दुसरं ताट पालथं घातलेलं. नाकातोंडातून पाणी यावं असं ते वरण, पण मी एक थेंब टाकत नव्हते. आपल्यासाठी कोणी रीत मोडतंय म्हटल्यावर मी आतून विरघळले होते, खोटं कशाला बोलू.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची, घोड्यांच्या बाजाराची यात्रा लागली. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घोड्यांचे भारी शौकीन. घ्यायचं काही नसतं, पण दात बघायचे, चाल बघायची, मालकाशी हुज्जत घालायची, यातच त्यांचा दिवस जातो. त्या दिवशी सकाळी शेताला पाणी देऊन ते भुकेले आले, यात्रेची घाई, मित्र येणार होते गाडी घेऊन. चुलीजवळ पालथं घातलेलं ताट दिसलं. त्यांनी ते ओढलं, बसल्या बसल्या चट्टामट्टा केला, पायात नवे बूट घातले आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले.

मित्रांनी येऊन हॉर्न वाजवला. जेठ उठेनात. पुन्हा वाजवला. मित्र आत आले, खांदा हलवला, गालावर पाणी मारलं. जेठ एक डोळा उघडत, काहीतरी पुटपुटत आणि परत मान टाकत. असा धट्टाकट्टा माणूस दिवसाढवळ्या खुर्चीत लोळागोळा झालेला. मित्र म्हणाले, रात्रीची दिसते, आणि हसत निघून गेले. जेठ तर पीतही नाहीत.

तेवढ्यात सासूबाई परसातून आल्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं, चुलीजवळच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जाऊबाईंना म्हणाल्या, "तिनं ताट याले कोनी दिधं?"

मी तिथेच खांबाला टेकून बसले होते. तिचं ताट, म्हणजे माझं, याला कोणी दिलं, या वाक्यातलं काय कळायचं राहिलं होतं? जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याला विचारलं, तो जमिनीकडे बघत राहिला. म्हणजे त्यालाही. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की माझ्या वरणात गोळी कुटून घालतात, आणि तिखट कशासाठी जाळ करतात. मीच तेवढी रीत मोडली म्हणून विरघळत होते.

जेठ दुसऱ्या दिवशी दुपारी ठीक उठले. यात्रेतली घोड्यांची पहिली चाल हुकली म्हणून ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. माझं काय हुकलं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मी सांगून टाकलं, आजपासून ज्याला साल आहे तेच खाईन. सासूबाई रडल्या. म्हणाल्या, तुझ्या भल्यासाठीच केलं, तू पुन्हा नदीकडे गेलीस तर, "मन्हा पाय आते धावत नहीत." त्यांचं रडणं खरं होतं. पण माझी भूक पण खरी होती आणि माझा संतापही. कोणी माया करत असेल तर तिने ती माझ्या तोंडावर करावी, माझ्या वाटीत कालवून नाही.

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा डोक्याच्या आजाराचे डॉक्टर येतात. त्यांच्याबरोबर एक कार्यकर्ती असते. सगळे तिला ताई म्हणतात, वयाने माझ्याहून लहान असेल. वर सातपुड्यातल्या पाड्यावरची, घरी पावरी बोलणारी. स्कूटी घेऊन पाड्यापाड्याला, गावोगाव फिरते, लोकांना आणते, घरच्यांशी बोलते. त्या महिन्यात डॉक्टर आले तेव्हा नवरा मला तिथे घेऊन गेला, वजन उतरलं म्हणून.

दवाखान्यात शिरलं की माझा नवरा शाळेतली मराठी बोलायला लागतो. डॉक्टरांसमोर ताठ बसून म्हणाला, "हिला परत सुरू झालं आहे. घरचं जेवत नाही. जेवणात कोणीतरी काहीतरी मिसळतं, असा हिला संशय येतो."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांची चूक नाही, या आजारात असा संशय येतोच, मला स्वतःलाही पावसाळ्यात आला होता. त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "औषध थोडं वाढवावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समजा मी ओरडले असते, टेबलावर हात आपटला असता, तर काय झालं असतं? झालंच, बघा, असं म्हणून दुप्पट लिहून दिलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले आणि मुद्दाम घरच्याच बोलीत म्हणाले, "इचारा त्यासले, घालतस का नही."

डॉक्टर कागदाकडे बघत होते, नवरा खिडकीकडे. ताईने मात्र खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि अगदी साध्या आवाजात, पाणी हवं का असं विचारावं तसं विचारलं, "दादा, जेवणात काही घालता का तुम्ही?"

नवऱ्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "घालतो. गोळी. आई घालते. मी आणून देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग ती खरं बोलत होती," ते म्हणाले. "आणि तुम्हाला ते माहीत असून तुम्ही मला संशय म्हणून सांगितलंत." मला नवऱ्याची कीव आली नाही. पुढे कधीतरी आली, पण त्या घडीला नाही.

तेव्हा ताईने मला विचारलं, "तुला गोळी नकोच आहे का?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, गोळी हवी आहे. मला ते आवाज नकोत, मला झोप हवी. पण जीभ जड होते त्याचं काहीतरी करा, आणि गोळी माझ्या हातात द्या. डॉक्टरांनी मग जीभ, हात, चाल सगळं तपासलं आणि औषध बदललं. एवढंच होतं करायचं. एवढ्यासाठी मी उकिरड्यापर्यंत गेले होते.

ताईचं संपलं नव्हतं. "आणि गोळी सोडून काय हवंय तुला?"

झोप, शांती, संसार, असं काहीतरी त्यांना अपेक्षित असावं. माझ्या तोंडून निघालं, "आखाजीले मले खापरवर बसनं शे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खानदेशात तो दिवाळीपेक्षा मोठा सण. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस आणि पुरणाचे मांडे होतात. मांडा तव्यावर होत नाही. अंगणात मोठी चूल पेटवायची, तिच्यावर मातीचं खापर पालथं घालायचं, आणि पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा पातळ करून त्या तापलेल्या खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही, सगळा खेळ हातांचा आणि जाळाचा. मी माहेरी असताना आमच्या गल्लीत माझ्यासारखा मांडा कोणाचा होत नव्हता. हे मी स्वतःच सांगते, कारण सासरी ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

नवरा घाईघाईने म्हणाला, "पूर्ण बरी झाल्यावर बसेल ना."

"पूर्ण बरी म्हणजे कधी?" ताईने विचारलं. ती म्हणाली, आवाज कदाचित अधूनमधून येत राहतील, काही लोकांना येतात. ते जायची वाट बघत तिने ओसरीवर बसून राहायचं का? बरी झाल्यावर काम, असं नसतं दादा. काम करता करताच माणूस बरा होतो. मला ते ऐकून रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ताईने माझ्या नवऱ्याकडे बघितलं नाही, मलाच रुमाल दिला.

घरी येऊन मी माझ्या अटी सांगितल्या. गोळ्यांचा डबा माझ्याजवळ राहील. माझं ताट मी सगळ्यांच्या भांड्यातून माझ्या हाताने वाढून घेईन. सासूबाई म्हणाल्या, बरं, पण गोळी घेतलीस की माझ्यासमोर "आ कर". मी म्हणाले, आत्या, तुम्ही रोज बीपीची गोळी घेता, मी कधी म्हणाले का तुम्हाला आ करा? त्यांचं तोंड फुगलं ते बरेच दिवस. एक अट मी स्वतःवरही घातली. लागोपाठ दोन रात्री मी झोपले नाही तर नवऱ्याने ते मला तोंडावर सांगायचं आणि मी हुज्जत न घालता दवाखान्यात जायला त्याच्यामागे गाडीवर बसायचं.

शिमग्याच्या सुमाराला तशी वेळ आली. सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दोन रात्री झाल्या, तू झोपली नाहीस." मनात आलं की म्हणावं, तुला काय करायचंय. पण त्याने तोंडावर सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला न विचारता मला काहीतरी सांगितलं होतं. मी चप्पल घातली आणि गाडीवर बसले. आवाज आजही कधीतरी येतात. येऊ देत. मला भाकरी थापायच्या असतात, मी त्यांना बसवून चहा थोडीच पाजणार आहे?

आखाजी आली. नणंद माहेरी आली, भाऊबंदातले पुरुष जेवायला यायचे होते. अंगणात चूल पेटली, तुरीच्या काड्यांचा जाळ झाला आणि मी पदर खोचून खापरासमोर बसले. कोणी अडवलं नाही, पण अंगणाचा नूर बघण्यासारखा होता. सासूबाईंनी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या माझ्या डाव्या हाताला आणून ठेवल्या. जेठ, ज्यांनी जन्मात आंबा चिरला नाही, ते माझ्या मागे पाटावर बसून रसासाठी आंबे माचत, दाबून मऊ करत होते. जाऊबाई दर थोड्या वेळाने काहीतरी न्यायला येत होत्या आणि काही न नेता जात होत्या.

पहिला मांडा माझ्या हातावरच फाटला. पुरण जाळात पडलं, धूर झाला. जेठांचे हात आंब्यावर थांबले. सासूबाईंचा हात बादलीच्या कडीवर गेला. मी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "काय झालं? दर वर्षी जाऊबाईंचा पहिला मांडा फाटतो, तो कुत्र्याला घालतात आणि दुसरा करतात. तेव्हा कोणी बादली उचललेली मी पाहिली नाही." जाऊबाई नकळत हसल्या. मी हाताला तेल लावलं आणि दुसरा गोळा घेतला. दुसरा नीट पडला. तिसरा तर असा उतरला की नणंदेने हातातलं काम सोडून बघितलं.

पुरुषांची पंगत बसली. ताटात मांडे, वाटीत रस. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिले. आणि कोणी हात लावेना. एकजण पाण्याचा तांब्या शोधायला लागला, एकाला फोन आला. जेठ समोरच्या मांड्याकडे असे बघत होते की त्यांना ती यात्रेच्या दिवशीची खुर्ची आठवत असावी. माझा नवरा त्यांच्याकडे बघत होता. मला कळायला क्षणभर लागला. ते माझ्या हातचं खायला घाबरत होते. कित्येक दिवस माझ्या वाटीत चोरून घालणारं घर, माझ्या हातचं खायला घाबरत होतं.

माझा आवाज चढला, चढू दिला. "मी काही घालेल नही," मी म्हणाले. "या घरमा ते काम मन्हं नही."

मग सासूबाई चुलीपासून उठल्या. त्या सरळ पंगतीत आल्या, जेठांना कोपराने बाजूला सरकवून त्यांच्याच पाटावर बसल्या. पुरुषांच्या पंगतीत त्यांना बसलेलं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी लेकाचं ताट पुढे ओढलं, मांडा मोडला, रसात बुडवला आणि खाल्ला. पूर्ण खाल्ला. दुसऱ्या ताटातला घेतला, तोही अर्धा खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मीही.

त्यांनी बोटं चाटली आणि कपाळाला आठी घातली. "पुरन गोड नही," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, गोड कसं होईल, गूळ तुम्ही स्वतः काढून दिला, मी आणखी मागितला तर कुलूप लावलंत. त्या म्हणाल्या, तुझ्या माहेरी गुळाची ढेप फुकट येते का? मी म्हणाले, माझ्या माहेरी पाहुण्यांना अगोड पुरण घालत नाहीत. त्या म्हणाल्या, मग जा माहेरी, आज आखाजी आहे, जातातच लेकी. मी म्हणाले, जाईन, पण आधी ही परात संपवून. आमचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. पंगतीतले पुरुष मान खाली घालून जेवायला लागले, नणंदेने झोक्याची दोरी आवळायला घेतली, आणि आम्ही सासू-सुना गुळावरून तासभर भांडलो, अशा की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली, आणि कोणी डॉक्टरला फोन केला नाही.